बुजगावणं रणगाडा, 1/35 : चौथी नोंद

दोन रविवार पावसात गेले. हवा इतकी दमट होती की प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) वाळेना, म्हणून हातच लावला नाही. आज ऊन पडलं आणि माझ्या मॉडेलचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, म्हणजे 1/35) रणगाड्याचं खोकं एकदाचं गाडीवर चढलं.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी : 1919 च्या व्हर्साय तहाने जर्मनीला एक लाखाचं सैन्य ठेवलं आणि रणगाडा एकही नाही. मग राइशवेअरने, म्हणजे त्या वेळच्या जर्मन सैन्याने, सरावासाठी छोट्या मोटारींवर लाकूड, कापड, पत्रा ठोकून रणगाड्याचं सोंग आणलं. माझं खोकं 'डिक्सी 3/15' वर आहे. 748 सीसी, 15 अश्वशक्ती. गंमत म्हणजे ही गाडी ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनच, परवाना घेऊन आयझेनाखला बनवलेली. पुढच्या-मागच्या चाकांत 1905 मिमी अंतर, म्हणजे आपल्या स्केलला 54.4 मिमी. आगपेटीएवढा जीव.

आधी भिंती प्लॅस्टिक शीटच्या केल्या होत्या. इतक्या सरळ आल्या की वाटावं, कुणीतरी खराखुरा पँझर-1 रणगाडा बिघडवून ठेवलाय. सगळ्या उचकटल्या. आता बारीक काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पातळ फेविकॉलात भिजवलेला टिश्यू पेपर. वाळताना तो ताणला जातो आणि दोन काड्यांच्या मधे किंचित खोल बसतो, अगदी कॅनव्हाससारखा. मागच्या कोपऱ्यात फाटला, तो तसाच ठेवलाय.

भोकं मात्र मुद्दाम पाडली. जर्मन रणगाडा-सेनापती गुडेरियानने आठवणींत लिहिलंय की शाळेतली पोरं आत काय आहे ते बघायला कापडात पेन्सिली खुपसायची. 1932 च्या सरावात पत्र्याच्या भिंती आल्या आणि पोरांची निराशा झाली. माझा रणगाडा त्याआधीचा. दहा वर्षांचं पोर 1/35 मध्ये जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणून तिन्ही भोकं साडेतीनच्या खाली. सुईने पाडून टोकाशी शिसं घासलं. दिसणार कुणाला नाही, पण मला ठाऊक आहे ना!

खालची झालर पहिल्यांदा फार लांब कापली होती. चाकं पार झाकली गेली आणि सोंगातली मजाच गेली. चार मिमी वर घेतली. आता रबरी टायर डोकावतात.

रंगात माती खाल्ली. पिवळट, तपकिरी, हिरवा असे तीन रंग कडा पुसट ठेवून मारायचे होते. एअरब्रश थुंकला, टिश्यू भिजला आणि डावी बाजू भाजलेल्या पापडासारखी फुगली. हेअर ड्रायर दुरून फिरवून निम्मी सावरली. उरलेलं जवळजवळ कोरड्या ब्रशने केलं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभलं.

सोबत पुढचं काम काढलंय : ग्रोसट्राक्टोर, म्हणजे 'मोठा ट्रॅक्टर'. नाव शेतीचं, तोफ 75 मिमीची. 1929 च्या सुमारास डाइम्लर-बेंझ, क्रुप आणि राइनमेटाल यांनी दोन-दोन, असे सहाच बनवले आणि चाचणीला थेट सोव्हिएत रशियात, कझानजवळच्या 'कामा' या रणगाड्यांच्या शाळेत पाठवले. कझानचं 'का', जागा निवडणाऱ्या माल्ब्रांटचं 'मा'. ही शाळा 1933 मध्ये बंद झाली. अंगावर चिलखती पोलाद नव्हतं, साधंच होतं. म्हणजे हेही निम्मं सोंगच.

मी क्रुपवाला घेतलाय. साखळीची एकेक कडी हाताने कापतोय. वीस झाल्या, अंगठा सोलवटलाय.