तुमच्या मुलीलाच विचारा

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी कामाला लागून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. देवघेवीच्या काउंटरवर एक गृहस्थ आले. साठीचे, हातात टोपी धरलेली, बोलणं अगदी नम्र. मुलगी इथे शिकते, तिच्या नावावर कोणती पुस्तकं आहेत ते जरा बघायचं होतं, एखादं परत करायचं राहिलं असेल तर उगीच दंड नको, असं म्हणाले. मी नाव विचारलं, खातं उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला हात लावला. बाजूला बसलेल्या माझ्या सीनियर बाईंनी तो स्क्रीन तिथेच धरला आणि हसून त्यांना म्हणाल्या, "ते तुमच्या मुलीलाच विचारा. आम्हाला सांगता येत नाही."

ते मान हलवून गेले. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की वडील असोत, प्रोफेसर असोत की पोलिस, उत्तर एकच. कोर्टाचा कागद घेऊन कुणी आलं तर तो आधी कॉलेजच्या वकिलाकडे जातो, आपण हात लावायचा नाही.

त्या रात्री सात नंबरच्या ट्रेनमध्ये मला नागपूरचा एक बाप आठवत राहिला. त्याला मी स्क्रीन नाही, अख्खं रजिस्टर फिरवून दाखवलं होतं.

एलएल.बी. झाल्यावर वकिलीत आपला निभाव लागणार नाही हे मला लवकर कळलं. म्हणून बी.लिब. केलं आणि नागपुरातल्या एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत कंत्राटी साहाय्यक म्हणून लागले. २०१५ ची गोष्ट. कॉम्प्युटर होता, पण खरा कारभार रजिस्टरवर चालायचा. कापडी बांधणीचं लांबलचक रजिस्टर, त्यात तारीख, नाव, वर्ग, दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि सही. ते दिवसभर काउंटरवर उघडं असायचं. सही करता करता प्रत्येक जण वरच्या चार ओळी वाचून घ्यायचा. मीही शिकत असताना वाचायची.

एका दुपारी काटोलकडचे एक काका आले. एसटीतून थेट आले होते, पिशवी अजून खांद्यावर होती. "माह्या पोरीनं कोणतं पुस्तक नेलं जी, मॅडम?" मी रजिस्टर चाळलं. मुलगी हुशार होती, नियमित यायची. एकच पुस्तक तिनं तीनदा रिन्यू करून घेतलं होतं. काकांनी इंग्रजी नावावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं आहे?" मी सांगितलं, विशेष विवाह कायद्याचं. त्यांना कळलं नाही, म्हणून आणखी समजावून सांगितलं, वेगळ्या जातीधर्मात लग्न करायचं असलं तर लागतो तो कायदा. त्यांनी पिशवी नीट केली, "बरं जी" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, खेड्यातल्या माणसाला आपण मदत केली.

ती मुलगी परत लायब्ररीत दिसली नाही. महिन्याभरानं तिचा चुलतभाऊ पुस्तक आणून देऊन गेला. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. कदाचित ती परीक्षेसाठीच वाचत असेल, तो कायदा अभ्यासक्रमात होताच. कदाचित तिचं लग्न मनासारखं झालंही असेल. पण तिनं काय वाचलं हे तिच्या घरी सांगणारी मी होते, आणि तो अधिकार मला कुणी दिला नव्हता.

विशेष विवाह कायद्याचा योगायोग पुढे मला फार टोचला. १९५४ चा तो कायदा जातीधर्माच्या भिंती ओलांडणाऱ्यांसाठी केलेला. पण त्याच्या पाचव्या कलमाखाली नोटीस द्यायची, आणि सहाव्या कलमाप्रमाणे विवाह अधिकाऱ्यानं तिची प्रत कचेरीत ठळक जागी लावायची. नोटीस ज्या वहीत नोंदवतात, ती वही कुणीही येऊन, फी न भरता पाहू शकतो. मग तीस दिवस हरकतींची वाट बघायची. ज्यांना लपून राहणं भाग आहे त्यांचीच नावं भिंतीवर. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की ही नोटीस जाहीर करायची की नाही हे त्या जोडप्याच्या इच्छेवर असावं. तो निकाल वाचला तेव्हा मला आमचं रजिस्टर दिसलं. तीच उघडी वही, तेच फुकटचं बघणं.

भिंतीवरचा कागद मला नवा नव्हता. मी नागपुरातल्या इंदोऱ्याची, दलित वस्तीतली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर लागली. नाव, आडनाव, प्रवर्ग. तोपर्यंत वर्गातल्या ज्या मुलींना माझं आडनाव कुठलं हे उमगलं नव्हतं, त्यांना त्या दिवशी उमगलं. डबा एकत्र खायची जागा आठवड्याभरात बदलली. कुणी काही बोललं नाही, बोलावं लागलंच नाही. लायब्ररीत समाजकल्याणच्या बुक बँकेची पुस्तकं वेगळ्या रॅकमध्ये, वेगळ्या रजिस्टरमध्ये, पहिल्या पानावर जांभळा शिक्का. बसमध्ये पुस्तक उघडताना मी ते पान अंगठ्याखाली धरायची. योजना चांगलीच होती. ती नसती तर कायद्याची महागडी पुस्तकं आमच्या घरात कधी आली नसती. पण मदत घेणाऱ्याला शिक्का मारून ओळखता येईल असं ठेवण्याची गरज कुणाची होती, हे मला आजही कळत नाही.

खासगीपणा हा बंगल्याला उंच कुंपण घालणाऱ्यांचा शौक आहे, असं आपल्याकडे पुष्कळ जणांना वाटतं. पण ज्याचं नाव कळल्यावर वागणूक बदलत नाही, त्याला नाव झाकायची गरजच पडत नाही. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात घर मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले आणि खरी ओळख कळल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथून काढलं. ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. तिचा आणि लायब्ररीच्या रजिस्टरचा काही संबंध असेल, हे मला इथे येईपर्यंत सुचलं नव्हतं.

न्यूयॉर्कला आलेला नागपूरचा माणूस एकदा तरी कोलंबिया विद्यापीठात जातोच. मीही गेले. लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. समोर मुलं लॅपटॉप उघडून बसलेली, कुणी मान वर करून बघत नाही, आणि मी मात्र हात जोडून उभी. नंतर कामाच्या प्रशिक्षणात कळलं की ग्रंथालयातल्या गोपनीयतेच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग याच विद्यापीठातला आहे. १९८७ साली एफबीआयचे लोक कोलंबियाच्या गणित-विज्ञान ग्रंथालयात आले आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला विचारू लागले की परदेशी लोक इथे काय वाचतात, काय मागतात. शीतयुद्धाचे दिवस होते, सोव्हिएत हेरांचा संशय होता. विद्यापीठाच्या तेव्हाच्या हंगामी ग्रंथपाल पॉला कॉफमन यांनी ठाम नकार दिला. त्यातून असा कार्यक्रम देशातल्या इतर ग्रंथालयांतही चालल्याचं बाहेर आलं आणि १९८८ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये त्यावर सुनावणी झाली.

मी मनात हिशोब केला. बाबासाहेब १९१३ मध्ये इथे आले तेव्हा तेही परदेशी विद्यार्थीच होते. दिवसदिवस वाचत बसणारे, अर्थशास्त्रापासून समाजशास्त्रापर्यंत सगळं चाळणारे. तेव्हा कुणी काउंटरवर विचारलं असतं की हा हिंदुस्थानी काय वाचतो, तर?

इथल्या ग्रंथपालांना ही शिस्त वरून मिळालेली नाही. त्यांच्या संघटनेनं १९३९ सालीच आचारसंहितेत लिहून ठेवलं की वाचकाची माहिती गोपनीय राखणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे. कायदे नंतर आले. न्यूयॉर्क राज्याच्या दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यात ४५०९ क्रमांकाचं कलम आहे. सार्वजनिकच नव्हे, तर शाळा, कॉलेज आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतल्या वाचकांच्या नोंदीही त्यानं गोपनीय ठरवल्या आहेत. वाचकाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश, समन्स असं काही असल्याशिवाय त्या बाहेर जात नाहीत. माझ्या बाईंनी तीन आठवड्यांच्या नवख्या पोरीचा हात धरला, त्यामागे हे सगळं उभं होतं.

याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असा अजिबात नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेल्या पेट्रियट कायद्यानं ग्रंथालयाच्या नोंदी मागवण्याची वाट मोकळी केली, आणि वर त्याबद्दल बोलायलाही बंदी. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांना अशी मागणी आली. ते कोर्टात गेले तेव्हा स्वतःच्या खटल्यात त्यांना नावही उघड करता येत नव्हतं. पुढच्या वर्षी ती बंदी उठली.

आता तर धोका काउंटरवर येतही नाही. छापील पुस्तक परत आलं की आमच्याकडे वाचकाचं नाव त्या नोंदीतून पुसलं जातं. पण कायद्याचा विद्यार्थी बहुतेक वाचन डेटाबेसवर करतो, स्वतःच्या नावानं लॉगिन करून. लेक्सिसनेक्सिस या निकाल शोधायच्या डेटाबेसचं नाव नागपूरच्या वकिलांनाही माहीत आहे. त्याच समूहाच्या दुसऱ्या व्यवसायानं २०२१ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी, म्हणजे आइसशी, लोकांची माहिती पुरवण्याचा करार केला. निकाल शोधण्याचा डेटाबेस वेगळा आणि हा धंदा वेगळा, हे खरं. पण घर एकच. आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या आईवडिलांजवळ इथे राहण्याचे कागद नाहीत. एका मुलीनं मला हळूच विचारलं होतं, "हद्दपारीवरचे निकाल मी इथे शोधले तर ते कुणाला दिसतं का?" आमच्या बाजूनं काय नोंद राहते ते मी सांगितलं. कंपनीच्या बाजूनं काय राहतं, याचं खात्रीचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, तेही सांगितलं. तिनं छापील खंड मागितले. ते मी तळघरातून आणून दिले, दोन खेपा करून.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदाही झाला. पण तो डिजिटल माहितीचा आहे. काउंटरवरची कागदी वही जोवर कॉम्प्युटरवर चढत नाही, तोवर तिला तो लागू नाही. आणि नागपूरच्या अभ्यासिका अजून वहीवरच चालतात.

माझी धाकटी बहीण एमपीएससी करते. तिच्या अभ्यासिकेच्या दारात रजिस्टर आहे. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. फोनवर मी सहज विचारलं, तू खरा नंबर लिहितेस का? "पागल आहे का तू?" ती म्हणाली. "शेवटचा आकडा बदलून लिहितो ना आम्ही सगळ्या पोरी. नाहीतर रात्री फोन येऊन राहिले असते." सगळ्या पोरी. हे तिला इतकं अंगवळणी पडलंय की यात काही सांगण्यासारखं आहे असंही तिला वाटलं नाही.

बदलायला काय लागतं? दारातल्या वहीत नावाऐवजी कार्ड नंबर चालतो. शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गाच्या रकान्याशिवाय, नुसत्या अर्ज क्रमांकानं लावता येते. बुक बँकेचा शिक्का मागच्या आतल्या पानावर, नुसत्या आकड्याचा मारता येतो. आपल्याकडच्या कितीतरी लायब्रऱ्यांत कोहा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव नोंदीतून काढून टाकायची सोय त्यात आधीपासूनच आहे, ती फक्त चालू करावी लागते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या देशात हे फार मोठं मागणं नाही.

मागच्या महिन्यात मी हे सगळं माझ्या जुन्या ग्रंथपाल सरांना लिहून पाठवलं. त्या बापाची गोष्टही लिहिली, पहिल्यांदाच. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. बराच वेळ पावसाबद्दल, मेट्रोबद्दल बोलले. मग म्हणाले, "ऑडिटला रजिस्टर लागतं बेटा." मी म्हटलं, "सर, ऑडिटला पुस्तकं किती आहेत ते लागतं. कुणी वाचलं ते कशाला?" थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "दसऱ्याला येणार ना दीक्षाभूमीवर? ये मग इकडे. बसू."

तिकीट काढलंय. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर दोन दिवस जातील, मग कॉलेजात जाईन. २०१५ चं रजिस्टर कपाटात असेलच, सर काही फेकत नाहीत. त्यातलं ते पान मला त्यांच्यासमोर उघडायचं आहे.