सर्व्हरवरची फाइल, आपला ईमॅक्स

आज दिवसभर ट्रॅम्पमधूनच, म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच दूरच्या सर्व्हरवरची फाइल उघडून देणाऱ्या सोयीतून, सर्व्हरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली हाताळल्या. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एफ दाबायचं आणि पाथच्या आधी स्लॅश, एसएसएच, कोलन, युजर ॲट होस्ट, कोलन लिहायचं. सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही, साधा शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) पुरतो. फाइल रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या ॲडमिन खात्याची असेल तर होस्टनंतर कोलनऐवजी उभी रेघ, मग सुडो, कोलन, होस्ट, कोलन.

कनेक्ट होताना ईमॅक्स नुसताच ढिम्म बसला, तर आधी प्रॉम्प्टवर, म्हणजे शेल कमांडची वाट बघताना दाखवतो त्या खुणेवर संशय घ्या. ट्रॅम्प प्रॉम्प्ट ओळखूनच पुढे सरकतो. झेडएसएच या शेलचा नटवलेला, रंगीत प्रॉम्प्ट त्याला कळत नाही आणि तो वाट बघत राहतो. सर्व्हरवरच्या झेडएसएचआरसीत (झेडएसएचच्या सेटिंगच्या फाइलीत) अगदी वर अट घाला: टर्म (टर्मिनलचा प्रकार) 'डम्ब' असेल, ट्रॅम्प तोच सांगतो, तर झेडएलई (झेडएसएचचा ओळ-संपादक) बंद, पीएस१ (प्रॉम्प्टचा मजकूर) म्हणजे फक्त डॉलर आणि स्पेस, आणि तिथूनच रिटर्न. ही ओळ खाली टाकलीत तर प्रॉम्प्ट नटवणारी थीम आधीच लोड झालेली असते. (सर्व्हरवर थीम हवीच कशाला, हा वेगळा वाद!)

व्हीपीएन तुटल्यावर ईमॅक्स बंद करू नका. कंट्रोल-जी दाबून ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स ही ईमॅक्सची कमांड चालवा. न सेव्ह केलेले बदल बफरमध्ये (ईमॅक्समध्ये उघडलेल्या फाइलीच्या प्रतीत) तसेच राहतात.