तीन औषधं, जात एकच

गोठ्यात पाय घसरून आजी हातावर पडल्या होत्या. मनगट इतकं वाकडं, की एक्स-रे नुसता नोंदीपुरता. "दहापैकी किती दुखतंय?" विचारलं तर म्हणाल्या, "दहाबिहा मला कळत न्हाई, जीव चाललाय." मी नऊ लिहिलं.

मुलगा तोवर यादी सांगू लागला. गावात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, मेडिकलमधून असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी, निघताना घरातली आयब्युप्रोफेन. "तीन औषधं झाली, डॉक्टर. आता जरा स्ट्राँग इंजेक्शन द्या."

पण ती तिन्ही एकाच जातीची, शरीरात एकाच ठिकाणी काम करणारी. एकावर दुसरं चढवून वेदना फारशी उतरत नाही, जठर आणि किडनीवरचा धोका मात्र वाढतो. त्यात आजी बीपीच्या गोळ्यांवर. तो गट मी तिथेच थांबवला.

उरलं पॅरासिटामॉल. लोकांना ते तापाचं वाटतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका अभ्यासात हातापायाला लागलेल्या ४१६ रुग्णांना चारपैकी एक जोडी दिली होती. ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल ही एक. बाकी तिन्हींत अफूवर्गीय औषध. दोन तासांनी आरामात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. अर्थात मांडीचं हाड मोडून आलेल्याला मी गोळ्यांवर ठेवणार नाही.

असेक्लोफेनॅकच्या गोळीतून ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आजींच्या पोटात गेलंच होतं, वर ६५० दिलं. हाताला आधाराची पट्टी, बर्फ, हात उंच. सूज चढत होती म्हणून बांगड्या वाढवाव्या लागल्या. हाड मोडल्यापेक्षा आजी त्यावर जास्त हळहळल्या. मग मोडलेल्या जागी सुई घातली, साकळलेलं रक्त सिरिंजमध्ये आलं तेव्हा जागा बरोबर असल्याची खात्री झाली, आणि १ टक्क्याचं १० मिली लिग्नोकेन सोडलं. भूल चढू दिली. हाड ओढून जागेवर बसवताना त्या सिस्टरला म्हशीच्या वेताबद्दल सांगत होत्या. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषध हाताशी ठेवलं होतं, लागलं नाही.

प्लास्टर झाल्यावर कागदावर एवढंच लिहिलं: पॅरासिटामॉल ६५०, सहा तासांनी एक, दिवसाला चारच. बाकीच्या गोळ्यांवर मुलासमोर काट मारली.

तो मात्र खूश होता. "शेवटी इंजेक्शनच लागलं ना!"