पुन्हा पैसे कसले?

झोप येत नाहीये. बाजाराच्या फाइलमधले दर सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवणारा प्रोग्राम मी करून दिलाय. त्याच्या देखभालीच्या पैशांचा विषय काढला, तेव्हाचं काकांचं ते वाक्य संध्याकाळपासून डोक्यात घोळतंय. "एकदा करून दिलंस ना गो? मग दरवर्षी पैसे कसले?"

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये दर चुकले, एवढंच त्यांना दिसलं. बाजाराच्या फाइलमध्ये हापूसचा भाव पेटीऐवजी डझनाचा यायला लागला. रकान्याचं नाव मात्र तेच, 'दर'. त्यामुळे काही अडलं नाही, कुठे लाल खूण उमटली नाही. चार दिवस डझनाचा आकडा पेटीचा भाव म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर जात राहिला. मग तीन रात्री जागून त्या दिवसांचे दर पुन्हा भरले. भाव एकदम निम्म्याखाली गेला तर पुढे सोडायचा नाही, अशी तपासणी बसवली. हे कुणाला सांगितलंच नाही मी.

आणि विचारतंय कोण? दर दिवाळीनंतर पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घालायची वर्गणी ज्यांच्या पडवीत जमते ते! पावसात बांध वाहून जातो, पुन्हा घालतात, घरटी एक माणूस. बाबा रोज सकाळी पाटातला पाचोळा ओढतात, तेव्हा कुठे पोफळींना पाणी पोचतं. पाट एकदा खणला की झालं, असं आगरात कुणी म्हणेल? मग माझ्याच पाटाला का?

जेवण धड गेलं नाही. आईने विचारलं, काही नाही म्हटलं. पुण्याची नोकरी सोडून इथे... जाऊ दे.

मघाशी जुनं अंदाजपत्रक उघडलं. करायला ६० तास, सर्व्हरचं भाडं, आणि देखभालीपुढे शून्य. मीच टाकलेलं. काम हातचं जाऊ नये म्हणून.

वर्षभरातले तास मोजले. ४७ निघाले. फाइलचे बदल, मुदत संपलेल्या परवानगीच्या किल्ल्या (फाइल उघडायला लागणारे पासवर्डसारखे आकडे), साठत गेलेल्या डेटाचं वाढतं भाडं. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय त्या पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षंच दुरुस्त्या मिळतात, दर ऑक्टोबरला एका जुन्या आवृत्तीच्या बंद होतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. काकांना कुठून असणार? बांध वाहून जाणार हे त्यांना दिसतं. माझं काही दिसत नाही, आणि मी दाखवलंही नाही.

सकाळी काकांची पाण्याची पाळी आहे. पाटावर भेटतील. कागद नेते बरोबर: वर्षाला ५० तास, सर्व्हर वेगळा. पण आधी बांधाची वही मागणार आहे. वर्गणी कशी लावतात, ते बघायचंय.