समजावत न बसणारे सिनेमे

वंश, वर्ण, सांस्कृतिक ओळख असले शब्द सिनेमाच्या वर्णनात दिसले की बरेच जण तो बघायच्या आधीच दमतात, आता दोन तास कोणीतरी आपली शिकवणी घेणार असं वाटतं त्यांना. मला वाटतं हा समज मोठ्या स्टुडिओंच्या सिनेमांनी करून ठेवलाय. त्यात काळा माणूस किंवा बाहेरून आलेला माणूस बहुतेक वेळा गोऱ्या प्रेक्षकाला काहीतरी कळावं म्हणूनच असतो, एक दुष्ट गोरा, एक भला गोरा, शेवटी कोर्टात नाहीतर मैदानावर भाषण आणि टाळ्या. पण अमेरिकेत गेली पन्नासेक वर्षं तुटपुंज्या पैशात जे स्वतंत्र सिनेमे बनत आलेत त्यातले खरोखर चांगले सिनेमे कोणालाच काही समजावत बसत नाहीत, आणि मला ते त्यासाठीच इतके जवळचे वाटतात.

चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' घ्या. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना डिग्रीसाठी केलेली ही फिल्म, खर्च दहा हजार डॉलरच्याही खाली, शूटिंग शनिवार-रविवारी, आणि बरेचसे कलाकार कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या लोकांच्या वस्तीत राहणारा स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापायचं काम करतो, त्याला झोप येत नाही, घरी आला तरी तो घरात नसल्यासारखाच असतो. बस, एवढंच. मोर्चा नाही, कोर्ट नाही, भाषण नाही. एक सीन मी कितीही वेळा बघू शकते: स्टॅन आणि त्याचा मित्र घासाघीस करून गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, ते धूड जिन्यावरून धापा टाकत खाली आणतात, ट्रकच्या मागच्या कडेवर कसंबसं टेकवतात, मित्राचं बोट दुखतंय म्हणून तो म्हणतो राहू दे तिथेच, पडत नाही ते. ट्रक चढावर सुरू होतो आणि इंजिन धाडकन रस्त्यावर. कामातून गेलं. दोघं उतरतात, बघतात, आणि ते तिथेच टाकून निघून जातात, आणि कॅमेरा ट्रकमध्येच असल्यामुळे ते इंजिन रस्त्यात पडलेलं लांब लांब जाताना आपल्याला दिसत राहतं. पगाराचे पैसे, दुपारभराची मेहनत, सगळं पाण्यात. गरिबी आणि वर्णभेद माणसाला रोज कसा थकवतो हे मला त्या दोन-तीन मिनिटांत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच भाषणातून कळलं नाही.

आणि हीच फिल्म कित्येक वर्षं थिएटरात लागू शकली नाही, कारण त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते! १९९० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, तिला जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतलं तरी सामान्य प्रेक्षकाला ती बघायला मिळायला २००७ उजाडलं, तेव्हा कुठे हक्कांचे पैसे भरले गेले, आणि ते फिल्मच्या मूळ खर्चाच्या कितीतरी पट होते.

वेन वांगचा 'चॅन इज मिसिंग' (१९८२) एकदम वेगळ्या जातीचा, ब्लॅक अँड व्हाइट, बजेट २२ हजार डॉलरच्या आसपास. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधले दोन टॅक्सीवाले, जो आणि त्याचा पुतण्या स्टीव्ह, आपले ४,००० डॉलर घेऊन गायब झालेल्या चॅनला शोधत फिरतात. जुन्या हॉलिवूडमध्ये चार्ली चॅन नावाचा चिनी डिटेक्टिव्ह होता आणि त्याचं काम वर्षानुवर्षं गोऱ्या नटांनी मेकअप थापून केलं, हे माहीत असेल तर नावातली मेख लगेच लक्षात येते. इथे प्रत्येकजण चॅनबद्दल वेगळंच सांगतो, कोणी म्हणतो हुशार, कोणी म्हणतो विक्षिप्त, कोणाला त्याच्या राजकारणावर संशय, तैवानवाले आणि चीनवाले यांचं झेंड्यावरचं भांडणसुद्धा मध्येच येतं. आणि शेवटपर्यंत चॅन सापडतच नाही, जोकडे त्याचा एक फोटो असतो त्यातही त्याचा चेहरा सावलीत. चायनाटाउनचे लोक म्हणजे सगळे एकसारखे असं समजणाऱ्याला याहून चोख उत्तर मी तरी पाहिलेलं नाही.

ज्युली डॅशच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) बद्दल मी अजून लिहू शकले असते, पण ती शब्दात पकडणं अवघड आहे. १९०२ साल, दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूच्या बेटांवरचे गुला लोक, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, आणि त्यातलं एक कुटुंब बेट सोडून उत्तरेला निघालंय. म्हाताऱ्या नाना पिझंटचे हात गुलाम असताना केलेल्या निळीच्या कामाने कायमचे निळे झालेत. गुलामगिरी म्हटलं की साखळ्या आणि चाबकाचे वळ हेच आपण बघत आलो, डॅशने ते टाळून हे निळे हात दाखवले, आणि ते जास्त आत जातात. 'किलर ऑफ शीप'मध्ये स्टॅनची बायको झालेली केसी मूर इथेही आहे, आणि तिचा तो बेट सोडून जायचा हट्ट बघण्यासारखा आहे. अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेली आफ्रिकन-अमेरिकन बाईने दिग्दर्शित केलेली ही पहिली फीचर फिल्म, इतकं कौतुक झालं, आणि तरी डॅशला पुढे टीव्हीकडेच वळावं लागलं याचा मला खरंच राग येतो.

आता परिस्थिती बरीच बरी आहे हे मान्य. तरीपण ली आयझॅक चंगचा 'मिनारी' बघा, दिग्दर्शक अमेरिकेत जन्मलेला, गोष्ट अर्कान्सासच्या शेतावरच्या कोरियन कुटुंबाची, पैसा अमेरिकन, आणि २०२१ च्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांना तो परदेशी भाषेच्या विभागात, का तर निम्म्याहून जास्त संवाद कोरियन. म्हणजे घरात कोरियन बोलणारं कुटुंब अमेरिकन नाही? त्यात आजी कोरियाहून येते, पिशवीतून तिखटाची पूड आणि सुकी मासळी काढते आणि लेकीच्या डोळ्यात पाणी येतं. कोणी एक अक्षर समजावून सांगत नाही.

सुरुवात करायची असेल तर 'चॅन'पासून करा, दीड तासाच्या आत संपतो आणि हसवतोही. 'किलर ऑफ शीप' त्यानंतर, फोन बाजूला ठेवून, कारण त्यात गोष्ट पुढे सरकायची वाट बघत बसलात तर सगळं हातचं निसटेल.