लीड्सचा 'उ' कानात कसा बसला - माझा अनुभव

मी फिजिओथेरपिस्ट. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात, लीड्सला नोकरी लागली तेव्हा इंग्लिशचं टेन्शन नव्हतं, आयईएलटीएस झालेली होती, पण इथले वयस्कर पेशंट बोलायला लागले की ब्लडचं ब्लुड, मसलचं मुसल, लंग्जचं लुंग्ज. एक आजोबा अंगठा पुढे करून म्हणाले, 'मी थुम्ज गॉन नुम', म्हणजे अंगठा बधिर झालाय, आणि यातलं 'मी' म्हणजे माय बरं का.

मग मी कानावर पडलेले शब्द गटागटाने लिहायला लागलो. बस, कप, लव्ह, थम एका गटात, सगळीकडे उ. बाथ, ग्रास, लाफ दुसऱ्या गटात, इथे तो आ आखूड. पण हाफ, कान्ट आणि आमच्या कामाचा काफ म्हणजे पोटरी, यांतला आ लांबच राहतो, हे वेगळं लक्षात ठेवावं लागलं.

कारण वाचलं तेव्हा तर फारच आवडलं. शाळेत आपण सगळेच विचारायचो ना, पी यू टी पुट तर बी यू टी बट का? तर आधी दोन्हीकडे 'उ'च होता. सतराव्या शतकात लंडनच्या बाजूला बऱ्याच शब्दांतला उ सुटून अ झाला, प, फ, ब अशा ओठांच्या अक्षरांजवळ पुट, पुल, फुल असे काही शब्द तसेच राहिले, आणि उत्तरेत हा बदल रुजलाच नाही. म्हणजे आजोबा जुनंच धरून बोलतायत, याला कुणी गावंढळ म्हटलं की मला खरंच राग येतो. दक्षिणेतला बाथचा लांब आ सुद्धा नंतरचाच आहे.

अजून एक, जुन्या यॉर्कशायर बोलीत फेस, होम मधले ए आणि ओ सरळ लांब असतात, अगदी आपल्या मराठीसारखे, त्यामुळे ते शब्द पहिल्या दिवसापासून कळले.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या रेकॉर्डिंगचा. लीड्स युनिव्हर्सिटीत हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 मध्ये इंग्लंडच्या 313 ठिकाणच्या बोलींचा सर्व्हे करवून घेतला, त्यातले म्हातारे शेतकरी बोलताना ऐकायचे, आधी नुसतं, मग लिहून घेत. शेफील्ड, मँचेस्टरकडे कुणी येणार असेल तर आधी उ आणि आखूड आ हे दोनच गट पक्के करा, इथल्या वनचं (म्हणजे एक) वॉन वगैरे नंतर आपोआप कळतं.