गाठीचं नाव कळायच्या आधी

शिवणकामवाल्या बाईंनी गळ्याचं माप घेता घेता टेप तिथेच थांबवली. "ताई, इथे सूज आहे का हो?" नातवंडाच्या बारशाला म्हणून पैठणीवरचं ब्लाउज टाकायला गेले होते. आरशात पाहिलं, आवंढा गिळला, तर उजवीकडे काहीतरी वरखाली झालं. जुलैचा पहिला आठवडा होता. लेक म्युनिकला, सप्टेंबरच्या वीस तारखेला तिचे दिवस भरणार होते, आणि तिच्या बाळंतपणासाठी मी २ सप्टेंबरच्या रात्री निघणार होते.

सोनोग्राफीत थायरॉइडच्या उजव्या भागात १.८ सेंटिमीटरची गाठ निघाली. मग सुईची तपासणी, एफएनएसी. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकायची आणि सुई आत असताना आवंढा गिळायचा नाही. गिळू नका म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, तेवढंच आठवतंय. रिपोर्टवर लिहून आलं: बेथेस्डा ३. या मोजमापाला सहा पायऱ्या असतात. पहिली म्हणजे नमुना पुरेसा नाही, दुसरी साधी गाठ, सहावी कर्करोग. तिसरी म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण काय ते सांगता येत नाही. सर्जन म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा सुई घालू. मधल्या काळात हवं तर परळला स्लाइड दाखवून घ्या." परळ म्हणजे टाटांचं कर्करोगाचं हॉस्पिटल. मुंबईत डॉक्टरांच्या तोंडून 'परळ' ऐकलं की पुढचं वाक्य कानात शिरत नाही. ते नंतर मला ह्यांनी सांगितलं: बहुतेक वेळा साधीच निघते, तुम्ही जाऊन या.

जायचं म्हणजे शेंगेन व्हिसा, जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. लॅपटॉपवर फॉर्म उघडला. आधीपासूनचा काही आजार आहे का? खाली दोनच गोल, 'हो' आणि 'नाही'. माझं खरं उत्तर 'अजून ठाऊक नाही' होतं आणि त्याला गोल नव्हता.

विम्याचं काम करणारा मुलगा आमच्याच सोसायटीतला, लेकीच्या वर्गात होता. तो म्हणाला, "काकू, 'नो' टाका ना. निदान कुठे झालंय? निदान नाही म्हणजे आजार नाही." ह्यांनाही ते पटलं. मला पटेना. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कर्ज देताना फॉर्म कोणी वाचत नाही, वसुलीच्या वेळी मात्र त्यातला स्वल्पविरामसुद्धा वाचला जातो. विम्याचंही वेगळं नसणार. क्लेम आला की पहिली मागणी जुन्या कागदांची, आणि माझी सोनोग्राफी तर पॉलिसीच्या आधीची, तारखेसकट.

म्हणून रात्री बसून पॉलिसीच्या अटींची पीडीएफ वाचली. आधीपासूनच्या आजाराची, म्हणजे हे लोक पीईडी म्हणतात त्याची व्याख्या साधारण अशी होती: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला आजार, किंवा ज्यासाठी त्यांनी सल्ला वा उपचार सुचवले किंवा दिले असा आजार. (पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांची होती, २०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ती ३६ वर आणली.) सगळी मेख त्या 'किंवा'मध्ये होती. निदान झालं नव्हतं, पण सल्ला मिळाला होता, 'तीन महिन्यांनी पुन्हा सुई' असं लेखी. म्हणजे गाठीला नाव नसलं तरी विम्याच्या हिशोबात ती आजारच होती.

'हो'वर टिचकी मारली तर पुढचं पान उघडेना, पॉलिसी ऑनलाइन मिळणार नाही, फोन करा. फोनवरची मुलगी गोड बोलत होती.

"मॅम, डायग्नोसिस काय आहे?"

"तेच नाही अजून."

"मग पीईडी नाही मॅम, तुम्ही 'नो' करा."

"हे मला मेलवर लिहून द्याल?"

थोडा वेळ नुसतं संगीत वाजलं. मग, "मॅम, तुम्हीच एक मेल करून ठेवा."

मेल केला. चार दिवसांनी एका ओळीत नकार आला. काहीजण म्हणतात की नकार येईल असं विचारायचंच कशाला. मला तो नकार बरा वाटला. म्युनिकच्या हॉस्पिटलात हातात बिल घेऊन कळण्यापेक्षा मुलुंडच्या घरी कळलेलं बरं.

दुसऱ्या कंपनीने रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं. पत्रात 'काळजीचं कारण नाही' एवढं लिहा, असं मी सर्जनना म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. "जे मला माहीत नाही ते मी लिहीत नाही." त्यांनी लिहिलं ते असं: अमुक तारखेला तपासलं, थायरॉइडच्या गाठीचं निदान चालू आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे, सध्या श्वासाला किंवा गिळायला त्रास नाही, विमानप्रवासाला हरकत नाही. लेटरहेड, तारीख, सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध प्रवास केला तर पॉलिसी हात वर करते, हे त्याच पीडीएफमध्ये होतं.

सोबत मेलमध्ये मी सरळ प्रसंगच विचारले. तिकडे बाथरूममध्ये घसरून पडले तर? अचानक मान सुजून श्वास अडकला तर? परळहून स्लाइडचा रिपोर्ट वाईट आला आणि तिथेच ऑपरेशन करायचं ठरवलं तर? उत्तर आलं तेही तसंच सरळ. पडण्याला पूर्ण संरक्षण. श्वास अडकला तर जीव वाचवण्यापुरता खर्च, तोही एका ठराविक मर्यादेत, प्रकृती स्थिर होईपर्यंत. ऑपरेशन किंवा पुढची तपासणी, काही नाही. आणि गाठीच्या कारणाने प्रवासच रद्द झाला तर तिकिटाचे पैसे मिळणार नाहीत. मग तिकीटच तारीख बदलता येईल असं घेतलं. चार हजार जास्त गेले, पण तो धोका मी विम्याकडून काढून विमानकंपनीकडे दिला असं समजले. ५०,००० डॉलरचं संरक्षण घेतलं, व्हिसापुरतं ते भागतं.

एक बारीक गोष्ट, पण घोळ होता होता राहिला. विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे तिकिटावर ३ सप्टेंबर. घरातून मात्र २ तारखेला निघणार. पॉलिसी २ पासून घेतली.

व्हिसाच्या अर्जासाठी कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाने बीकेसीला गेले. काउंटरवरच्या मुलाने विम्याच्या कागदावर पेनाने तीन ठिकाणी टिकमार्क केलं: ३०,००० युरोच्या वर आहे, सगळ्या शेंगेन देशांत चालतं, परतीच्या तारखेपर्यंत आहे. गळ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. महिनाभर ज्याने झोप उडवली होती ते प्रकरण तिथे चाळीस सेकंदांत संपलं.

नातू झाला. पैठणी नेसले, ब्लाउज गळ्यात किंचित घट्ट होतं, की मलाच तसं वाटत होतं. ऑक्टोबरात खरंच बाथटबमधून उतरताना घसरले आणि मनगट सुजलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत. बिल १८० युरो, आधी खिशातून भरायचं. त्यातले पहिले १०० डॉलर पॉलिसीप्रमाणे माझे, उरलेले परत मिळायचे. क्लेमच्या फॉर्मवर पुन्हा तोच प्रश्न होता, आधीपासूनचा काही आजार? मी 'हो' लिहिलं आणि कंपनीच्याच मेलची प्रत जोडली. कोणी उलट काही विचारलं नाही. दीड महिन्याने पैसे खात्यात आले.

परळहूनही तेच आलं, बेथेस्डा ३. दुसरी सुई या मंगळवारी झाली. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.